रानांचे तुकडे आणि वाघाची वाट

जून २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर वाघ बाहेर पडला. त्याच वर्षी फेब्रुवारीत भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसवली होती. त्यामुळे तो कुठे जातो हे उपग्रहामार्फत कळत होते. तो तेलंगणातल्या आदिलाबाद भागात शिरला, परत महाराष्ट्रात आला आणि पैनगंगेच्या खोऱ्यातून, हिंगोलीच्या शेतशिवारांतून पश्चिमेकडे सरकत राहिला. डिसेंबरमध्ये तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. नऊ महिन्यांत त्याच्या चालण्याची बेरीज सुमारे ३,००० किलोमीटर भरली. भारतात नोंदला गेलेला वाघाचा हा तोवरचा सर्वांत लांब प्रवास होता. त्याला ‘वॉकर’ हे नाव मिळाले.

ही बेरीज सरळ रेषेतली नव्हे. नद्या, गावे आणि रस्ते चुकवत, पुढे जाऊन मागे फिरत झालेल्या वाटचालीतली पाच हजारांहून अधिक ठिकाणे कॉलरने टिपली आणि त्यांच्यामधली अंतरे मिळून हा आकडा झाला. दिवसा नाल्याकाठच्या झुडपांत किंवा उभ्या पिकात पडून राहायचे आणि रात्री चालायचे, हा त्याचा क्रम होता. वाटेत शेकडो गावांची शिवारे लागली. तरी माणसाशी संघर्षाची एकच नोंद झाली. तो बसलेल्या झुडपात काही जण शिरले आणि त्यांतला एक जखमी झाला.

हे केवळ एका भटक्या वाघाचे नवल म्हणून सोडून देता येत नाही, कारण नर वाघ दोन-अडीच वर्षांचा झाला की त्याला आईची हद्द सोडावीच लागते. मादी बहुधा आईच्या शेजारीच आपली हद्द आखते, नर मात्र दूर जातो. जवळची हद्द रिकामी असेल तर त्याचा प्रवास लवकर संपतो. टिपेश्वर जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे आहे आणि तिथे वाघांची दाटी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात दिसला. ज्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या वाघाचे नाव नव्हते, तिथे तो शेते तुडवत पोहोचला होता.

रान तुटत गेले की रानातल्या जिवांचे नेमके काय होते, हा गेल्या साठ वर्षांतल्या जीवशास्त्राचा एक मोठा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांनी बेटांना तंबू घातले, अमेझॉनमध्ये जंगल मोजून कापले आणि मध्य भारतात वाघांच्या विष्ठेतून त्यांची वंशावळ शोधली.

बेटांचे गणित

१९६७ मध्ये रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी बेटांवरच्या जीवसृष्टीचा सिद्धान्त मांडला. एखाद्या बेटावर किती प्रजाती राहतील हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. बेट लहान असेल तर तिथली प्रत्येक प्रजाती थोड्या संख्येने असते आणि एखाद्या वादळात किंवा रोगात लवकर संपते. बेट मुख्य भूमीपासून लांब असेल तर संपलेल्या प्रजातीची जागा घ्यायला नवे जीव क्वचितच पोहोचतात. नवे येणे आणि जुने संपणे यांचा जिथे तोल बसतो, तिथे प्रजातींची संख्या स्थिरावते.

विल्सन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल सिम्बरलॉफ यांनी हे पडताळून पाहायला फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगतची खारफुटीची सहा चिमुकली बेटे निवडली. घरांतली कीड मारणाऱ्या कंपनीची माणसे बोलावून ती बेटे तंबूंनी झाकली आणि आत विषारी वायू सोडला. कीटक, कोळी असे सगळे बारीक जीव संपले. पुढे दोघेजण महिनोन्‌महिने परतणाऱ्या किड्यांची मोजदाद करत राहिले. वर्षाच्या आत बहुतेक बेटांवरची प्रजातींची संख्या पूर्वीच्या आकड्याच्या आसपास आली, पण प्रजाती पुष्कळशा वेगळ्या होत्या. जवळच्या बेटांवर जीव लवकर पोहोचले, लांबच्या बेटावर उशिरा.

बेटे काही समुद्रातच असतात असे नाही. चहूबाजूंनी शेती, वस्ती आणि रस्ते आले की जंगलाचा तुकडाही रानातल्या जिवांसाठी बेटच होतो. मग राखीव जंगल एकच मोठे असावे की तेवढ्याच क्षेत्राची अनेक लहान असावीत, यावर १९७०च्या दशकात वाद पेटला. जेरेड डायमंड यांनी १९७५ मध्ये एका मोठ्या राखीव क्षेत्राची बाजू घेतली. ज्यांनी बेटांना तंबू घातले होते ते सिम्बरलॉफ पुढच्याच वर्षी उलट बाजूने उभे राहिले. सिद्धान्तावरून असा सरसकट नियम निघत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. दोन्ही बाजूंना कमी होता तो खऱ्या जंगलातला पुरावा.

अमेझॉनमधले कापलेले चौकोन

हा पुरावा मिळवण्याची युक्ती थॉमस लव्हजॉय यांना सुचली. ब्राझीलमध्ये त्या काळी अमेझॉनमध्ये गुरांची कुरणे करायला सवलती मिळत होत्या. जमीनमालकाने निम्मे जंगल राखले पाहिजे, असा कायदाही होता. ते निम्मे जंगल कुठे आणि कोणत्या आकारात राखायचे हे संशोधकांना ठरवू द्यावे, असे लव्हजॉय यांनी सुचवले. मानाउस शहराच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर १९७९ मध्ये काम सुरू झाले. १, १० आणि १०० हेक्टरचे मिळून ११ तुकडे कुरणांच्या मध्ये उभे राहिले. झाडतोडीच्या आधीच त्यांतले पक्षी, झाडे, बेडूक आणि फुलपाखरे मोजलेली होती. स्मिथसोनियन संस्था आणि ब्राझीलची अमेझॉन संशोधन संस्था यांचा हा प्रकल्प चार दशकांहून अधिक काळ चालू आहे.

पहिला अनुभव चकवणारा होता. भोवतालचे जंगल पडले तसे उरलेल्या तुकड्यांत पक्षी वाढले. संशोधकांच्या जाळ्यांत पूर्वीपेक्षा जास्त पक्षी सापडू लागले, कारण बेघर झालेले सगळे तिथे आश्रयाला आले होते. थोड्याच काळात ही गर्दी ओसरली आणि संख्या पूर्वीच्याही खाली गेली. एखाद्या उरल्यासुरल्या रानात अचानक फार प्राणी दिसू लागले तर ते समृद्धीचे लक्षण मानू नये, हा धडा संशोधक तिथे शिकले.

त्यानंतर एकेक धागा उसवत गेला. अमेझॉनमध्ये लष्करी मुंग्यांच्या फौजा जमिनीवरून चालतात आणि त्यांच्यापुढे पळणारे किडे टिपायला ठरावीक जातींचे पक्षी त्यांच्या मागोमाग फिरतात. अशा एका फौजेला तीसेक हेक्टर रान लागते. त्यामुळे १ आणि १० हेक्टरच्या तुकड्यांतून आधी मुंग्या गेल्या आणि मग हे पक्षी. पेकारी ही डुकरासारखी जनावरे गेली तेव्हा त्यांच्या लोळण्याने होणारी डबकी आटली आणि त्या डबक्यांत अंडी घालणारे बेडूक नाहीसे झाले. १०० हेक्टरच्या तुकड्यांचाही निभाव लागला नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अशा तुकड्यातल्या झाडोऱ्याच्या खालच्या थरातल्या पक्ष्यांच्या निम्म्या जाती पंधरा वर्षांच्या आत संपतात. हा ऱ्हास दहापट मंदावायचा तर क्षेत्र हजारपट वाढवावे लागते.

झाडेही सुटली नाहीत. घनदाट रानाच्या आत हवा दमट आणि स्तब्ध असते. कडेला मात्र ऊन आणि वारा थेट शिरतो. माती सुकते, पाने गळतात, वेली माजतात. कडेपासून ३०० मीटरच्या पट्ट्यात मोठी झाडे आतल्या रानाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने मरू लागली. शतकानुशतके उभी असलेली झाडे कुऱ्हाड न लावता पडली.

कडेचा परिणाम आत १०० मीटरपर्यंतच पोहोचतो असे धरले, तरी हिशेब थक्क करणारा आहे. १ हेक्टरचा चौकोन म्हणजे १०० मीटर लांब आणि तेवढाच रुंद. त्याला आतला भागच नाही, सगळी कडच. १० हेक्टरच्या चौकोनात खरे आतले रान सव्वा हेक्टरच्या थोडे वर उरते. १०० हेक्टरच्या चौकोनात ते ६४ हेक्टर असते. आता या १०० हेक्टरच्या मधोमध ३० मीटर रुंदीचा रस्ता काढा. कागदावर फक्त ३ हेक्टर रान गेले. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नवी कड तयार झाली आणि आतले रान ६४ वरून ४६ हेक्टरांच्याही किंचित खाली आले. अमेझॉनच्या सदाहरित जंगलातले हे अंतर विदर्भातल्या पानगळीच्या सागवानी रानाला जसेच्या तसे लागू होणार नाही. तरी रस्त्यासाठी किती हेक्टर वनजमीन घेतली, एवढ्या एका आकड्यावरून रानाचे नुकसान मोजता येत नाही, हे या गणितातून दिसते.

याच प्रकल्पात एक दिलासाही मिळाला. सवलती संपल्यावर अनेक कुरणे ओस पडली आणि त्यांवर कोवळे रान उगवले. तुकड्यांना वेढणारी उघडी जमीन पुन्हा झाडांखाली आली, तसे गेलेल्या पक्ष्यांपैकी काही परतले. झाडांच्या सावलीत वावरणाऱ्या ज्या पक्ष्यांना ३० ते ८० मीटरची मोकळी पट्टी भिंतीसारखी अडवत होती, त्यांना ती कोवळी झाडी पुरेशी झाली. तुकडा किती मोठा आहे याइतकेच त्याच्याभोवती काय आहे, हेही महत्त्वाचे ठरले.

विष्ठेतून वंशावळ

मध्य भारतातले वाघ अशाच बेटांवर राहतात. मेळघाट, पेंच, कान्हा, सातपुडा, ताडोबा ही नावे नकाशावर हिरव्या ठिपक्यांसारखी दिसतात आणि मधल्या जागेत शेती, गावे, खाणी, लोहमार्ग आणि महामार्ग आहेत. हे ठिपके एकमेकांशी जोडलेले आहेत का, हे वाघाला न पकडता शोधता येते. विष्ठेत वाघाच्या आतड्यातल्या पेशी असतात आणि पेशींत डीएनए. त्यावरून तो वाघ कोणता आणि त्याचे मूळ कोणत्या जंगलातले, याचा अंदाज बांधता येतो.

आदित्य जोशी, उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या सहा संरक्षित क्षेत्रांतल्या ५५ वाघांचा असा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. काही वाघांचे मूळ सुमारे ६५० किलोमीटर दूरच्या जंगलात निघाले. त्याहून मोलाचा निष्कर्ष पुढचा होता. दोन जंगलांमधल्या वाघांचा संबंध किती टिकून आहे हे त्यांच्यातल्या अंतरावर ठरत नव्हते. ते ठरत होते मधल्या वस्त्यांवर, रस्त्यांच्या दाटीवर आणि पलीकडच्या जंगलात आधीच किती वाघ आहेत यावर. सहा वर्षांनी वॉकरने हेच पायांनी चालून दाखवले.

संबंध पूर्ण तुटला तर काय होते, याचे उदाहरण ओडिशातल्या सिमिलिपालमध्ये आहे. तिथल्या काही वाघांचे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले असतात की वाघ जवळजवळ काळा दिसतो. बंगळूरुच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये याचे कारण उलगडले. एका जनुकातल्या एकाच बदलामुळे हे होते आणि तो बदल आई आणि वडील दोघांकडून आला तरच रंग बदलतो. एरवी हा दुर्मीळ योग. सिमिलिपालमध्ये मात्र सुमारे ३७ टक्के वाघ असे आहेत. इतर रानांतल्या जंगली वाघांच्या तपासणीत हा बदल सापडला नाही. थोड्या पूर्वजांपासून वाढलेली आणि बाहेरून नवे रक्त न मिळालेली ही संख्या आहे. काळा रंग पर्यटकांना मोहवतो, पण ज्या रीतीने तो रंग पसरला त्याच रीतीने एखादा घातक दोषही पसरू शकतो.

इथे आनुवंशशास्त्रातला एक जुना ठोकताळा उपयोगी पडतो. दोन जंगलांमध्ये दर पिढीला एखादा जरी प्राणी ये-जा करून पिल्ले घालत राहिला, तरी त्यांची रक्ते फार वेगळी पडत नाहीत. म्हणजे शेकडो वाघांनी शेतांतून हिंडण्याची गरज नाही. थोडेसे येणे-जाणे पुरते, पण ते अखंड राहिले पाहिजे.

महामार्गाखालून

श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ नागपूरच्या उत्तरेला पेंच व्याघ्रप्रकल्पाच्या रानातून जातो. हे रान पुढे मध्य प्रदेशात कान्ह्याकडे जाणाऱ्या भ्रमणमार्गाचा भाग आहे. जुना दोनपदरी रस्ता रात्री थोडा तरी शांत असे. तो चौपदरी करायचे ठरले तेव्हा पर्यावरण संस्था न्यायालयात गेल्या आणि अनेक वर्षे वाद चालला. शेवटी भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्याने मार्ग निघाला. महाराष्ट्राच्या हद्दीत १६ किलोमीटरच्या पट्ट्यात नऊ ठिकाणी रस्ता खांबांवर उचलून खालची जमीन प्राण्यांसाठी मोकळी ठेवली गेली. यातले काही लहान पूल आहेत, तर काही खास वन्यजीवांसाठीचे भुयारी मार्ग. त्यांची लांबी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत आहे.

ही बांधकामे कुठे करायची हे महत्त्वाचे होते. कुठल्या नाल्यातून चितळ उतरतात, सांबराची वाट कुठे आहे, वाघ रस्ता कुठे ओलांडतो, हे आधी पाहून जागा ठरल्या. जंगली जनावरांच्या वाटा बहुधा नाले, उतार आणि पाण्याच्या कडेने जातात. अभियंत्याला सोयीच्या ठिकाणी पूल बांधला आणि प्राण्याची वाट अर्धा किलोमीटर पलीकडे असली, तर तो पूल त्याच्या कामाचा नाही.

२०१९ मध्ये या मार्गांखाली कॅमेरा ट्रॅप लावून पाहणी झाली. १८ प्रकारचे वन्यप्राणी तिथून जाताना टिपले गेले. त्यात चितळ आणि रानडुकरांपासून बिबटे, अस्वले आणि रानकुत्र्यांपर्यंत सगळे होते. ११ वेगवेगळे वाघ मिळून ८९ वेळा कॅमेऱ्यात आले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असल्याने एकच वाघ दोनदा मोजला जाण्याची भीती नव्हती. वर सतत ट्रक धावत असताना खालून वाघ जातो, हे तोवर अनेकांना खरे वाटले नसते.

कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात १९८०च्या दशकापासून महामार्गावर असे पूल आणि भुयारे बांधली गेली. तिथला अनुभव सांगतो की प्राणी नव्या बांधकामाला सरावायला वेळ घेतात आणि ग्रिझली अस्वलांना तर काही वर्षे लागली. रस्त्यालगत कुंपण नसेल तर प्राणी पुलाकडे न वळता रस्त्यावरच चढतात, हेही तिथे दिसले. पेंचच्या मध्य प्रदेशाकडच्या भागात आवाज आणि हेडलाइटचा झोत अडवणाऱ्या उंच भिंती उभारल्या गेल्या.

कॅमेऱ्याबाहेरचा हिशेब

भुयारी मार्गाने प्रश्न सुटला असे मानले तर घाई होईल. भुयारातून गेलेले प्राणी कॅमेऱ्यात दिसतात, पण रस्त्याच्या आवाजाने शंभर मीटरवरून मागे फिरलेला प्राणी दिसत नाही. शिवाय हे मार्ग मोठ्या जनावरांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेले असतात. झाडांच्या शेंड्यांवरून जाणारे वानर, सरपटणारे प्राणी आणि सावलीतले छोटे पक्षी यांची गरज वेगळी असते. वाघाच्या नावाने राखलेल्या वाटेने बाकीच्यांचेही भागेल असे गृहीत धरता येत नाही, हे अमेझॉनच्या पक्ष्यांनी दाखवलेच आहे.

रस्त्याखेरीज अडथळे आणखी आहेत. पूर्व विदर्भात उभ्या भिंतींच्या कालव्यांत पडून जनावरे अडकतात, कारण वर चढायला उतार नसतो. पिकांत रानडुक्कर आणि रोही शिरू नयेत म्हणून धुऱ्यावरच्या तारेत चोरून सोडलेली वीज वाघालाही मारते. त्यामागची शेतकऱ्याची विवंचनाही खोटी नाही. रात्रभर मचाणावर जागूनही सकाळी सोयाबीन तुडवलेले दिसते आणि भरपाई मिळेपर्यंत हंगाम निघून जातो. भारताच्या २०२२च्या व्याघ्रगणनेत वाघांची सरासरी संख्या ३,६८२ आली आणि त्यांतली ४४४ महाराष्ट्रात होती. २००६ मध्ये देशभरात १,४११ वाघ होते. संख्या वाढते तसे घर सोडणारे नरही वाढतात आणि त्यांची वाट सातबाऱ्यावर कुणाच्या तरी नावाने असलेल्या जमिनीतूनच जाते. ती वाट शेतकऱ्याच्या सहनशीलतेवरच सोडून भागणार नाही. वेळेवर मिळणारी भरपाई, सौर कुंपणासाठी मदत आणि बुडालेल्या पिकाचा खरा पंचनामा हाही वन्यजीव संवर्धनाचाच खर्च आहे.

वाट मिळाली म्हणजे वंश वाढला असेही नाही. ज्ञानगंगेत वॉकर पोहोचला, त्याला खायला मिळाले, पण तिथे वाघीण नव्हती. एखादी वाघीण तिथे सोडावी का, यावर वनखात्यात विचार झाला. मादी मुळातच फार लांब जात नाही. म्हणून दोन मोठ्या जंगलांच्या मधली लहान रानेही जपावी लागतात, म्हणजे वाघिणीची वस्ती टप्प्याटप्प्याने पुढे सरकू शकते.

वाघांच्या मुख्य भ्रमणमार्गांचे नकाशे देशात तयार आहेत. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी असे ३२ मार्ग नोंदले आहेत. रस्ते, लोहमार्ग, कालवे आणि वीजवाहिन्या आखताना वन्यजीवांसाठी काय करावे, याची मार्गदर्शिका २०१६ पासून उपलब्ध आहे. प्रश्न क्रमाचा आहे. रस्त्याची आखणी पक्की झाली, जमीन घेतली गेली, निविदा निघाल्या आणि मग भुयारी मार्गाची मागणी आली, की तो मार्ग सर्वांना वाढीव खर्च वाटतो. आखणीच्या पहिल्या दिवशी भ्रमणमार्गाचा नकाशा टेबलावर असेल तर कधी रस्ता थोडा वळवूनच काम होते, कधी एखादा पूल लांबवून. दर पिढीला एक वाघ पलीकडे पोहोचावा आणि तिथे त्याचा वंश वाढावा एवढीच शास्त्राची किमान मागणी आहे, आणि ती पुरवायची की नाही हे पहिला खांब रोवण्याआधी ठरवावे लागते.